अकराच्या पुढचं कुणीतरी

सर्वेक्षणाचा निकाल आला त्या दिवशी हेडसरांनी शिक्षकखोलीत सगळ्यांना स्वतःच्या हाताने चहा ओतला. छत्तीस वर्षांच्या नोकरीत गणिताच्या बाईंनी हे दृश्य एकदाही पाहिलं नव्हतं. कपाच्या बशीत अर्धा चहा सांडला, तरी सर हसतच होते.

"चार शाळांत आपण पहिले! मुलं आनंदी, मुलं निवांत, मुलांना मन मोकळं करायला माणसं आहेत. मी तर म्हणतो, फाटकावर फलकच लावू. सर्वांत आनंदी शाळा."

बाईंनी कागद हातात घेतला. आरोग्य केंद्र, ग्रंथालय, क्रीडामंडळ आणि नगर कार्यालयाचा युवक विभाग अशा चौघांनी मिळून मुलांच्या मनाच्या आरोग्यासाठी काम करायचं ठरवलं होतं. कुणाला काय हवंय ते आधी मुलांनाच विचारू, म्हणून चार शाळांतल्या आठवी ते दहावीच्या मुलांकडून तीस प्रश्नांची प्रश्नावली भरून घेतली होती. नाव लिहायचं नाही, फक्त खुणा करायच्या. त्या उत्तरांवरून कुठल्या शाळेला काय द्यायचं ते ठरणार होतं. बाकीच्या गोष्टी बाईंच्या लेखी किरकोळ होत्या. त्यांचा जीव अडकला होता तो ताईमध्ये.

ताई म्हणजे आरोग्य केंद्राची समुपदेशक. मंगळवारी आणि शुक्रवारी शाळेत यायची. तिला बसायला खेळाच्या सामानाची खोली दिलेली. गुंडाळलेलं जाळं आणि बसके चेंडू यांच्या मधोमध दोन घडीच्या खुर्च्या. मुलं चेंडूत हवा भरायच्या निमित्ताने आत जायची आणि अर्ध्या तासाने नाक पुसत बाहेर यायची. चेंडू तसाच बसका. ताई एकच, शाळा चार. पुढे ती कुठे जाणार, हे या कागदावर ठरायचं होतं.

बाईंनी बाविसावा प्रश्न शोधला. "काही अडचण आली तर जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी मोठी व्यक्ती शाळेत आहे का?" त्यांचा स्वतःचा वर्ग, आठवी क. एक्केचाळीसपैकी चाळीस मुलांची खूण 'हो'वर.

गणितात अख्ख्या वर्गाचं उत्तर बरोबर आलं की बाईंना आधी संशय यायचा. आजही आला. या चाळिसांपैकी निदान दहा जण असे होते, की पाणी प्यायला जाऊ का एवढं विचारतानाही त्यांचा आवाज घशात अडकायचा.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच तासाला त्यांनी खडू खाली ठेवला.

"सर्वेक्षणातला बाविसावा प्रश्न आठवतो का रे? उत्तर नकोय मला. चाळीस जणांना शाळेत मन मोकळं करायला मोठं माणूस आहे म्हणे. कोण आहे ते? मलाही सांगा, मलाही जायचंय त्याच्याकडे."

वर्ग हसला. पुढच्या बाकावर एक बारीक आवाजाची मुलगी बसायची, तिला सगळे चिमणी म्हणत. तिने बोट वर केलं.

"बाई, रागावणार नाही ना?"

"ते ऐकून ठरवीन."

"नाव लिहू नका म्हणालात तुम्ही. पण कागद वाटतानाच म्हणालात, भरून झालं की हजेरी क्रमांकाने आणून द्या. एक, दोन, तीन. माझा नंबर चार. म्हणजे माझा कागद वरून चौथा. मग नाव लिहिलं काय अन् नाही लिहिलं काय."

मागून एक जण म्हणाला, "म्हणून आम्ही आपलं सगळं छान छान लिहिलं."

बाई टेबलाच्या कडेला टेकल्या. एखादं उदाहरण फळ्यावर शेवटपर्यंत सोडवावं आणि पहिल्याच ओळीत चिन्ह चुकलेलं दिसावं, तसं झालं. वह्या असोत, उत्तरपत्रिका असोत, सहलीची संमतीपत्रं असोत, बाईंच्या हातात कागद आला की तो क्रमांकाने लागायचा. त्यात त्यांनी काही ठरवलंच नव्हतं. तोंडातून आपोआप आलं होतं. आणि आता त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली, ती आणखी एका गोष्टीने. शाळेतलं सर्वेक्षण त्यांच्याच अंगावर होतं. शिक्षकखोलीच्या फळ्यावर त्यांनीच ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं, "भरलेले अर्ज हजेरी क्रमांकाने लावून माझ्याकडे द्यावेत." नऊच्या नऊ वर्गांनी ते निमूटपणे पाळलं होतं.

हेडसरांनी सगळं ऐकून घेतलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

"बाई, हे तुम्ही मला सांगितलंत. आता इथेच ठेवा."

"आणि ताई?"

"ताई जिथे गरज आहे तिथे जाईल. आपल्याकडे गरज नाही, असं मुलंच म्हणतायत."

"मुलं म्हणत नाहीत, सर. मुलं मला घाबरून म्हणतायत."

"तुम्हाला कोण घाबरतं?" सर म्हणाले आणि स्वतःच जरा चाचरले. मुलं बाईंना वजाबाई म्हणतात, हे शाळेच्या शिपायापासून सरांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. "फलकाचं सांगून ठेवलंय मी. अक्षरंसुद्धा निवडली."

घरी थोरली बहीण होती, अक्का. रुग्णालयात परिचारिका म्हणून उभं आयुष्य काढलेली. आता दोघी बहिणी एकत्र राहायच्या. अक्का खिडकीशी स्वेटरचा एक हात उसवत बसली होती. बाईंनी सगळा पाढा वाचला.

"म्हणजे तू मुलांना म्हणालीस, गुपित सांगा, आणि रांगेत उभं राहून सांगा," अक्का म्हणाली.

"तू मीठ चोळू नकोस."

"चोळत नाही गं. माझ्या वॉर्डात एक डॉक्टर होता. बायकांना सगळ्यांसमोर विचारायचा, घरी मारतात का? सगळ्या म्हणायच्या, नाही हो. तो खूश! वहीत लिहायचा, नाही." तिने लोकर ओढली. "आता काय करणार?"

"बैठकीत उभी राहून सांगणार."

"मग सांग आणि मोकळी हो. इथे फेऱ्या मारून फरशी झिजवू नकोस."

बैठक आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावर होती. लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या, भिंतीवर पडदा. केंद्राच्या डॉक्टरीणबाई अध्यक्षस्थानी. पडद्याशेजारी नगर कार्यालयाचा एक तरुण अधिकारी उभा होता. सर्वेक्षणाचं सगळं काम त्याच्याकडे. तो उत्तर द्यायचा ते टक्क्यांतच, म्हणून शिक्षकखोलीत त्याचं नाव टक्केसाहेब पडलं होतं. मुलगा वाईट नव्हता. रात्रंदिवस राबून त्याने नऊशे कागदांतल्या खुणा मोजल्या होत्या.

आकडे पडद्यावर आले आणि प्रत्येकाला त्यांत तेच दिसलं जे तो घरून घेऊन आला होता. क्रीडामंडळाचे प्रशिक्षक म्हणाले, "बघा, बासष्ट टक्के मुलं खेळत नाहीत. म्हणजे मैदानाला दिवे हवेत." ग्रंथपाल म्हणाले, "माझ्या मते हीच मुलं वाचत नसणार. वाचनकक्ष मोठा करावा लागेल." बासष्ट टक्क्यांना काय हवंय, हे बासष्ट टक्क्यांना विचारलंय का, असं बाईंच्या ओठांवर आलं होतं, पण त्यांनी ते गिळलं. आज त्यांना एकच गोष्ट सांगायची होती आणि त्यासाठी दम राखून ठेवायचा होता.

"बाविसावा प्रश्न," टक्केसाहेब म्हणाला. "इथे फरक ठळक आहे. पुलापलीकडची शाळा, अठ्ठेचाळीस टक्के. ही शाळा, पंच्याण्णव टक्के. त्यामुळे समुपदेशकांचे दोन्ही दिवस पुलापलीकडे हलवावेत, अशी शिफारस आहे."

बाई उभ्या राहिल्या. शेजारी हेडसर खोकले. बाईंनी तिकडे पाहिलंच नाही.

"आमच्या शाळेचे आकडे खरे नाहीत. चूक माझी आहे." आणि त्यांनी क्रमांकांची गोष्ट सांगितली. वर्गात नवा धडा सांगावा तशी सावकाश, एकही पायरी न गाळता.

टक्केसाहेबांनी चष्मा वर सरकवला.

"खरे नाहीत, असं एकदम म्हणता येणार नाही. उत्तर देणाऱ्यांचा संकोच, असं म्हणू. आपण अहवालात तळटीप टाकू."

"तळटीप वाचतं कोण?"

त्याने क्षणभर विचार केला. "कोणी नाही," तो प्रामाणिकपणे म्हणाला.

"मग आमची शाळा यातून काढून टाका."

"काढली तर तुम्ही 'माहिती उपलब्ध नाही' या रकान्यात जाता. आणि माहिती नसली की गरज दाखवता येत नाही. म्हणजे समुपदेशक तरीही नाही."

"मग परत घेऊ सर्वेक्षण. मला एक तास द्या, या वेळी पेटी ठेवते."

"पालकांची संमती एकदाच घेतली होती, बाई. आता पुढच्या वर्षी."

बाईंनी टेबलावर दोन्ही हात टेकले. कुठूनही आकडेमोड करा, उत्तर शून्यच. "म्हणजे मुलं खोटं बोलली तर ताई जाणार, मी खरं बोलले तरी ताई जाणार. हे कुठलं गणित?"

"बाई," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज मऊ होता आणि म्हणूनच बाईंना तो जास्त लागला. "पुलापलीकडे निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलंय की कोणीच नाही. त्यांनी खरं लिहिलं. त्यांना मी काय सांगू?"

त्या मुलांच्या तोंडचा घास काढून घ्यायला त्या आल्या नव्हत्या. त्या नुसत्याच उभ्या राहिल्या. फळ्यासमोर उदाहरण अडलेल्या मुलासारख्या.

प्रशिक्षकांना हा पेच सोडवायची घाई झाली. "अहो, त्यांच्या वर्गात 'नाही' म्हणणारं एकच मूल आहे ना? कागद क्रमांकाने लावलेत. मोजा आणि शोधा. ताई जायच्या आधी त्याच्याशी बोलतील. एवढं काय त्यात!"

"खरंच की," हेडसर म्हणाले. बैठकीत त्यांनी तोंड उघडलं ते इथे.

टक्केसाहेब मदत करायला एका पायावर तयार. खोक्यातून त्याने आठवी कचा गठ्ठा काढला, दोरा सोडला आणि प्रत्येक अर्जाचं दुसरं पान उलटत मोजायला लागला. "एक, हो. दोन, हो. तीन, हो..."

बाईंनी आधी काहीच केलं नाही. खरं सांगायचं तर त्यांनाही जाणून घ्यायचं होतं. कोण आहे ते? आपला कागद कितवा लागणार हे ठाऊक असून, बाईंच्या डोळ्यांखालून जाणार हे ठाऊक असून, एकट्याने 'नाही'वर खूण केली ते कोण? उद्या सकाळी त्याला बाजूला घेता आलं असतं. विचारता आलं असतं.

"आठ, हो. नऊ, हो."

आणि त्याला बाजूला घेतल्याबरोबर त्याला कळलं असतं. त्याला कळलं की मधल्या सुट्टीत वर्गाला, संध्याकाळपर्यंत शाळेला.

"दहा, हो. अकरा, हो."

बाईंनी गठ्ठ्यावर थाड्‌कन हात ठेवला. टक्केसाहेबांचं बोट खाली सापडता सापडता वाचलं.

"पुरे."

"अहो, पण..."

बाईंनी गठ्ठा ओढून घेतला, त्याचे दोन भाग केले आणि पत्ते पिसावेत तसे ते एकमेकांत घुसवायला सुरुवात केली. पत्ते त्यांना पिसता येत नव्हते. पानं दुमडली, काही टेबलाखाली उडाली, ग्रंथपालांच्या बाटलीतलं पाणी सांडलं. ताई इतका वेळ टेबलाच्या टोकाला गप्प बसली होती. ती उठली, खाली वाकली आणि उडालेले कागद गोळा करायला लागली. जसे हाती येतील तसे, उलटे-सुलटे.

"अहो बाई, मूळ कागद आहेत ते!" टक्केसाहेब जवळजवळ ओरडला.

"आहेतच की. एकही कमी नाही. मोजून घ्या."

"पण त्या मुलाला धोका असेल तर?" हेडसर म्हणाले.

ताई कागदांसकट वर आली. "सर, प्रश्न धोक्याचा नव्हता. बोलायला कोणी आहे का, एवढाच होता. त्या मुलाने नाही म्हटलं, आणि आपण सगळी मोठी माणसं त्याला हुडकायला निघालो. तो परत काही लिहील असं वाटतं तुम्हाला?"

डॉक्टरीणबाईंनी पेन उचललं. पडद्यावरचे दोन आकडे कागदावर उतरवले. मग म्हणाल्या, "मंगळवार पुलापलीकडे. शुक्रवार यांच्याकडे, हे सत्र संपेपर्यंत. पुढच्या सत्राच्या पहिल्या आठवड्यात या शाळेत पुन्हा सर्वेक्षण. पालकांची संमती नव्याने, कागद पेटीत. आणि इतिवृत्तात लिहा, शाळेने आपली चूक स्वतःहून सांगितली."

"म्हणजे अर्धी ताई," बाई म्हणाल्या.

"अर्धीच आहे माझ्याकडे, बाई. पुढच्या सत्रात तीही राहील की नाही, ते तुमच्या मुलांवर आहे. आणि तुमच्यावर."

हेडसर बाईंच्या पुढेच जिना उतरले. फाटकाशी आल्यावर म्हणाले, "अक्षरं रंगवून झाली होती, बाई."

पुढचे आठ दिवस बाईंना जड गेले. अकराच्या पुढचं कुणीतरी, एवढं त्यांना कळलं होतं, आणि तेवढं कळणं नुसतं छळत होतं. काहीच कळलं नसतं तर बरं. बारा ते एक्केचाळीस, तीस मुलं. कोण ते माहीत नाही म्हटल्यावर तिसांशीही जपून वागणं आलं. गृहपाठ न आणणाऱ्या सव्वीस नंबरला त्यांनी नुसतं "असू दे, उद्या आण" म्हटलं. फळ्यावर अडखळलेल्या चौतीसच्या खांद्यावर हात ठेवला. खिडकीबाहेर बघत बसलेल्या एकोणीसला काही न बोलता पुढे गेल्या. मधल्या सुट्टीत वर्गात कुजबूज सुरू झाली, की वजाबाईंना काहीतरी झालंय. चिमणीने तर येऊन विचारलंच, "बाई, बरं नाही का तुम्हाला? डॉक्टरांनी काही सांगितलंय का?"

शेवटी बाईंनी वर्गाला सगळं खरं सांगितलं. चूक कशी झाली, बैठकीत काय झालं, कागद कसे पिसले. एकाने 'नाही' लिहिलं होतं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. "पुढच्या वेळी पेटी असेल. कुणाचा कागद कुठला, हे मला कळणार नाही. पण तुमचा माझ्यावर विश्वास बसायला हवा, म्हणून आज तालीम."

टेबलावर त्यांनी बुटांचा खोका ठेवला, झाकणाला चीर पाडलेला. फळ्यावर प्रश्न लिहिला, "बाईंची कोणती सवय बदलावी?" वर्गात आनंदाची लाट उसळली. मुलं परीक्षेतसुद्धा इतकी मन लावून लिहीत नसत.

"झालं? आणा आता. वाटेल तसे या."

मुलं उठली. एक, दोन, तीन, चार. खोक्यापासून दारापर्यंत सरळ रांग, प्रत्येक जण आपापल्या क्रमांकावर.

"अरे, क्रमांकाने नको!"

रांग हलेना. बारा नंबर म्हणाला, "मग माझ्या पुढे कोण, बाई?"

"कुणीही! घुसा! ढकला एकमेकांना!"

"शिक्षा नाही ना करणार?" चिमणीने विचारलं.

शेवटी बाईंनी स्वतः रांगेत शिरून मुलांचे खांदे धरून इकडून तिकडे केले. बराच दंगा झाला. शेजारच्या वर्गावरचे सर डोकावून गेले. बाईंनी खोका हलवला, उघडला आणि वरची घडी उलगडून मोठ्याने वाचली.

"बाई आपलं ऐकताना घड्याळ बघतात."

कुणी हसलं नाही. वाचताना त्यांनी शब्द पाहिले होते. आता अक्षर पाहिलं. उजवीकडे झुकलेलं, अनुस्वाराच्या जागी लहानसं वर्तुळ. हे अक्षर त्या वर्षभर तपासत होत्या. सर्वेक्षणात नुसत्या खुणा होत्या. इथे त्यांनी एक्केचाळीस जणांना हाताने लिहायला लावलं होतं. पुन्हा तेच. आपल्याच डोक्यात खडूचा डबा घालावा, असं त्यांना झालं.

चिमणीच्याही ते लक्षात आलं होतं. "बाई, तुम्हाला सगळ्यांची अक्षरं ओळखू येतात ना?"

"येतात," बाई म्हणाल्या. लपवण्यात अर्थ नव्हता. त्यांनी चिठ्ठीची घडी केली, खोक्यात टाकली आणि झाकण दाबून बसवलं. "हे मी वाचणार नाही. शुक्रवारी ताई वाचतील. त्यांना तुमची अक्षरं ठाऊक नाहीत."

"मग तुम्हाला कळणार कसं, काय बदलायचं ते?"

"ताई मोजून सांगतील. इतक्या जणांनी हे लिहिलं, इतक्या जणांनी ते."

"म्हणजे टक्के," मागून कुणीतरी म्हणालं, आणि वर्ग हसला. बाईही हसल्या, पण त्यांना हसणं नीट जमलं नाही.

घंटा झाली. मुलं दप्तरं उचलून दाराकडे धावली, या वेळी कुठल्याही क्रमाशिवाय. बाईंनी खोक्याला दोरा गुंडाळला, एक गाठ मारली, मग दुसरी. त्या मुद्दाम दोऱ्याकडेच बघत होत्या. झुकलेल्या अक्षराचं मूल अजून वर्गात होतं, खिडकीशी उभं राहून हळूहळू दप्तर भरत होतं, आणि त्याचा क्रमांक अकराच्या पुढचा होता. त्यावरून काहीच सिद्ध होत नव्हतं. तीस मुलांचे क्रमांक अकराच्या पुढचे होते. वर बघितलं तर त्याला कळेल की ओळखलं. नाही बघितलं तर त्याला वाटेल, यांना माझ्याकडे बघायलाही वेळ नाही.

बाईंनी तिसरी गाठ मारायला घेतली. खिडकीशी दप्तराची चेन अजून लागत नव्हती.